'मेट्रोपोलिस'ची डिस्क घेण्याआधी

पुणे,
रविवार

प्रिय श्रीपाद,
सप्रेम नमस्कार.

'मेट्रोपोलिस' घरी बघायचाय, पण कुठली आवृत्ती घ्यावी ते समजेना, असं तू लिहिलंयस. कुठे 80 मिनिटं लिहिलंय, कुठे 124, कुठे 150. हे सगळे आकडे खरे आहेत. डिस्कच्या पाठीवरची मिनिटं वाचता आली की निम्मं काम होतं, म्हणून आधी तेच सांगतो.

जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ लांगचा हा मूक विज्ञानपट 10 जानेवारी 1927 ला बर्लिनमध्ये पहिल्यांदा दाखवला गेला, तेव्हा त्याची लांबी 4189 मीटर होती. 35 मिमी फिल्मवर एक फ्रेम 19 मिलिमीटर जागा घेते, म्हणजे सगळ्या मिळून साधारण 2 लाख 20 हजार फ्रेम. सेकंदाला 24 च्या वेगाने त्या चालवल्या तर 153 मिनिटं होतात, 20 ने चालवल्या तर तीन तासांच्याही वर. मूकपटांना एक ठरलेला वेग नव्हता, त्यामुळे मिनिटं कमी दिसली म्हणून कापाकापी झालीच असेल असं नाही. 2001 ची जीर्णोद्धारित आवृत्ती अमेरिकी डीव्हीडीवर 124 मिनिटांची आहे आणि युरोपातल्या डीव्हीडीवर 118 च्या आसपास. एकही प्रसंग गाळलेला नाही. तिकडचा व्हिडिओ सेकंदाला 25 फ्रेमनी धावतो, एवढंच.

कापाकापी झाली ती वेगळी, आणि भरपूर झाली. अमेरिकेसाठी पॅरामाउंट या चित्रपट कंपनीने चित्रपट छाटून नव्याने जुळवला, आणि त्याच वर्षी जर्मनीतही 3241 मीटरची छोटी आवृत्ती आली. जवळजवळ पाव चित्रपट गेला. 80-85 मिनिटांची रंगीत छटांची, गाण्यांची आवृत्ती दिसली तर ती 1984 ची, संगीतकार जॉर्जिओ मोरोडेरची. ती गंमत म्हणून जरूर बघ, पण तो जीर्णोद्धार नव्हे. 1 जानेवारी 2023 पासून अमेरिकेत हा चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला, त्यामुळे कुठल्यातरी जुन्या टेपवरून उतरवलेल्या स्वस्त डिस्कही भरपूर मिळतील. 'रिस्टोर्ड' हा शब्द कुणीही छापू शकतं. तू मुर्नाऊ-श्टिफ्टुंग (जुने जर्मन चित्रपट जपणारी संस्था) हे नाव आणि 2010 हे साल शोध.

2010 च का? 2008 साली बुएनोस आइरेसच्या चित्रपट संग्रहालयात एक 16 मिमी निगेटिव्ह सापडली. 1920 च्या दशकात अर्जेंटिनात गेलेल्या जवळजवळ पूर्ण प्रिंटवरून ती उतरवलेली होती. मूळ प्रिंट नायट्रेटची, म्हणजे तेव्हाच्या ज्वलनशील फिल्मची. नायट्रेट पेटलं की स्वतःच प्राणवायू पुरवतं, पाण्याखालीही विझत नाही. (पुण्यात जानेवारी 2003 मध्ये नायट्रेटच्या रिळांच्या साठ्याला आग लागली होती, तेव्हा कितीतरी जुने चित्रपट गेले, ते तुला ठाऊक आहेच.) म्हणून सुरक्षित फिल्मवर नक्कल काढायची आणि मूळ निकालात काढायचं, अशी तेव्हाची पद्धत. या नकलेमुळे हरवलेली सुमारे 25 मिनिटं परत मिळाली, आणि 2010 ची आवृत्ती दीडशे मिनिटांच्या आसपास गेली.

पण कशी मिळाली ते बघ. 16 मिमीची फ्रेम क्षेत्रफळाने 35 मिमी मूकपटाच्या फ्रेमच्या साधारण सहावा हिस्सा. तपशील तिथेच गेला. त्यात मूळ प्रिंट अनेक वर्षं प्रोजेक्टरवर घासलेली, आणि नक्कल काढण्याआधी ती धुतलेली-पुसलेली नाही. त्यामुळे धूळ, तेलाचे डाग, ओरखड्यांचा पाऊस, सगळं चित्राबरोबर छापलं गेलं. ओरखडा फिल्मच्या पाठीवर असता तर उपाय होता. स्कॅन करताना फिल्म द्रवात बुडवतात. त्या द्रवाचा अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याचं प्रमाण) फिल्मच्या जवळपास असतो, तो खाचेत भरतो आणि प्रकाश सरळ जातो, ओरखडा दिसतच नाही. इथे खाच नाहीच, खाचेचा फोटो आहे. त्यावर द्रवाचा काही उपयोग नाही.

मग उरतं सॉफ्टवेअर. ते आधीची आणि नंतरची फ्रेम बघतं आणि एकाच फ्रेमपुरतं जे दिसतं ते कचरा समजून बुजवतं. टिकलीएवढ्या धुळीला हे ठीक, पण ओरखडे दहा-दहा फ्रेम जागच्या जागी थरथरत राहतात, ते त्याला चित्राचाच भाग वाटतात. उलट चित्रपटातल्या रॉटवांग या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतल्या ठिणग्या, पुराच्या पाण्याचे शिंतोडे एकाच फ्रेमपुरते असतात. यंत्र मोकाट सोडलं तर ओरखडे राहतात आणि ठिणग्या गायब होतात! म्हणून शॉटमागून शॉट माणसानेच तपासावा लागतो. कुठल्याही जुन्या विज्ञानपटाच्या डिस्कवर आधी पाऊस, धूर, ठिणग्या आणि तारांगण बघावं. तारे मिचकावत असतील तर सफाई अति झाली.

दुसरा घोळ चौकटीचा. मूकपटात ध्वनिपट्टीला जागा सोडावी लागत नाही, चित्र फिल्मची पूर्ण रुंदी घेतं. 16 मिमीवर उतरवताना कडा कापल्या गेल्या. आता 35 मिमीच्या शॉटशेजारी हा शॉट ठेवायचा, तर तो ताणून मोठा करावा का? केला असता तर दर कटला माणसं मोठी-लहान झाली असती. जीर्णोद्धार करणाऱ्यांनी आकार कायम ठेवला आणि जे नाही तिथे काळी पट्टी सोडली. त्यामुळे बघताना चित्र मध्येच मळकं आणि आखूड होईल. डिस्क खराब आहे असं समजू नकोस. मला तर हा त्या कामातला सगळ्यात चांगला निर्णय वाटतो, कारण कुठला शॉट कुठून आला हे साध्या डोळ्यांना कळतं. आणखी एक, त्या काळी परदेशांसाठी वेगळ्या निगेटिव्ह असायच्या, शेजारी दुसरा कॅमेरा ठेवून किंवा वेगळा टेक घेऊन केलेल्या. 'मेट्रोपोलिस'च्या तीन होत्या. एका प्रसंगात दोन निगेटिव्हचे शॉट आले की कोन किंचित सरकतो, तेही दिसेल.

क्रम लावायला मोठा आधार मिळाला गॉटफ्रिड हुप्पेर्ट्सने या चित्रपटासाठी रचलेल्या संगीताचा. त्याच्या स्वरलिपीत पडद्यावर काय चाललंय याच्या हजारभर खुणा आहेत. मध्ये मध्ये येणाऱ्या संवादांच्या पाट्यांचा मजकूर सेन्सॉरच्या कागदांतून मिळाला. एवढं करूनही चर्चमधलं भिक्षूचं प्रवचन आणि रॉटवांग आणि शहराचा मालक फ्रेडरसन यांची मारामारी मिळाली नाही. तिथे वेगळ्या अक्षरात पाटी येते.

'मेट्रोपोलिस' आवडला तर नंतर फ्रेंच दिग्दर्शक मेलिएसची 1902 ची चंद्रसफर बघ, हाताने रंगवलेली. ती प्रिंट 1993 मध्ये बार्सिलोनात मिळाली तेव्हा रीळ घट्ट गोळा झालं होतं. रसायनाच्या वाफेने फिल्म मऊ करून, तुकडा-तुकडा सोडवून फोटो काढले. 13,375 फ्रेम, आणि 2011 साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात दाखवली. जिथे रंगीत फ्रेम नव्हती तिथे कृष्णधवल प्रिंटवरून घेऊन रंग भरले.

आता खरेदीचं. दीडशे मिनिटांना सेकंदाला 30 मेगाबिट वेगाने निव्वळ चित्रालाच 34 जीबी लागतात, म्हणजे 50 जीबीची डिस्क हवी. 25 जीबीच्या एका थरावर कोंबलेली घेऊ नकोस. ग्रेन (फिल्मचा बारीक दाणेदारपणा) दर फ्रेमला बदलतं, बिट कमी पडले की त्याचे चौकोन दिसायला लागतात. स्ट्रीमिंगवर हेच होतं. ब्लू-रेला प्रदेशाचं कुलूप असतं. अमेरिका A, ब्रिटन B, आपण C. तुझा प्लेअर इथेच घेतलेला, म्हणून विक्रेत्याला आधी विचार. 4के डिस्कला मात्र कुलूप नसतं.

टीव्हीवर हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद, शार्पनेस शून्य (काही टीव्हींवर मधला आकडा म्हणजे शून्य, तेवढं बघ), नॉइज रिडक्शन बंद, आणि प्लेअरला 24 फ्रेमची सेटिंग चालू. चित्राचा आकार 'जस्ट स्कॅन' किंवा 'फुल पिक्सेल' ठेव, नाहीतर आधीच कडा गेलेल्या शॉटच्या उरलेल्या कडाही टीव्ही खाईल. चौकट 4:3 च राहायला हवी. वहिनी म्हणतील, बाजूच्या काळ्या पट्ट्या घालव. घालवू नकोस.

विक्रेत्याने डिस्कच्या पाठीचा फोटो पाठवला की मला पाठव, घ्यायची की नाही ते लगेच सांगतो. काकूंना नमस्कार.

तुझा,
माधव