टीडीएस पुरे, पाण्याचा जडपणा सांगा

महोदय,

पुणे महापालिकेत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे आली. यांतल्या बऱ्याच सोसायट्या आजही टँकर आणि बोअरवर चालतात. तिथे पाण्याचा विषय निघाला की कुणाच्या तरी खिशातून पेनाएवढे टीडीएस मीटर बाहेर येते. ‘साडेचारशे, म्हणजे चांगलेच आहे’ असा निकाल लागतो आणि पुढच्या हिवाळ्यात त्याच इमारतीतले गीझर एकामागून एक बंद पडतात. मीटर खोटे बोलत नाही, फक्त त्याला प्रश्न चुकीचा विचारलेला असतो. ते पाण्याची विद्युतवाहकता मोजून विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा अंदाज देते. त्यात मीठ किती आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम किती, हे त्याला कळत नाही. जडपणा म्हणजे यातले फक्त कॅल्शियम-मॅग्नेशियम. टीडीएस ४५० असलेल्या पाण्याचा जडपणा १०० असू शकतो, तसाच ३५० सुद्धा (आकडे लिटरला मिलिग्रॅमचे). गीझरला फरक पडतो तो जडपणाच्या आकड्याने.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) एकूण जडपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. हे मानक पिणाऱ्यासाठी आहे, यंत्रांसाठी नव्हे. ५०० जडपणाचे पाणी नियमात बसते आणि तरीही कॉइल खाते.

आपल्याकडे हा त्रास जास्त जाणवतो याचे कारण जमिनीत आहे. दख्खनच्या काळ्या बेसॉल्टमध्ये मुरलेल्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम बहुतेक बायकार्बोनेटच्या रूपात असते. शाळेच्या पुस्तकातला ‘तात्पुरता दुष्फेनपणा’ तो हाच. पाणी तापले की बायकार्बोनेट फुटते, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरलेला कॅल्शियम कार्बोनेट सर्वांत गरम जागी, म्हणजे कॉइलवर बसतो. धरणाचे पाणी वापरणाऱ्या पेठांतल्या घरांना हे फारसे माहीत नसते.

हिशेब करून पाहावा. जडपणा ४०० आणि रोज ६० लिटर गरम पाणी, म्हणजे दिवसाला २४ ग्रॅम क्षार गीझरमधून जातात. त्यातला दहावा भाग जरी आत बसला तरी वर्षाला पाऊण किलोहून अधिक. थर उष्णता नीट जाऊ देत नाही. त्यामुळे कॉइल आतून भलतीच तापते, पाणी मात्र उशिरा तापते. पाणी तापताना टकटक, खडखड असा आवाज येतो तो थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होत असल्याचा. शेवटी कॉइलचे आवरण फुटते आणि ईएलसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) पडतो. तो परत परत वर करून अंघोळ उरकणे जिवावर बेतू शकते.

थर्मोस्टॅट ७० ऐवजी ५५ अंशांवर ठेवला तर क्षार बसण्याचा वेग बराच मंदावतो. जंतूंच्या दृष्टीने आठवड्यातून एकदा ६० च्या पुढे तापवावे, एवढेच. ३०० च्या वर जडपणा असेल तर कॉइल दरवर्षी काढून साफ करावी. एमसीबी बंद, पाण्याचा येता नळ बंद, टाकी पूर्ण रिकामी आणि मगच फ्लँजचे (कॉइल धरणाऱ्या झाकणाचे) नट. घरात वायरींगची सवय असलेले कुणी नसेल तर हे काम इलेक्ट्रिशियनचे. जोडणीची टोके बुडू न देता कॉइल कोमट पाण्यात लिटरला ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड (किराणा दुकानातले लिंबूसत्त्व) घालून तासभर भिजवावी. पापुद्रे हाताने निघतात, सुरीने खरवडू नये. बाथरूमचे ॲसिड तर नकोच. ते क्षारांबरोबर कॉइलचे आवरणही खाते. त्याच वेळी मॅग्नेशियमचा ॲनोड (टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारा दांडा) पाहावा आणि निम्म्याहून झिजला असेल तर बदलावा. गॅस्केट नवा घालावा. परत जोडल्यावर गरम पाण्याच्या नळातून हवा जाऊन सलग धार येईपर्यंत वीज सुरू करू नये. कोरडी कॉइल मिनिटभरात जळते.

तीन लिटरचे इन्स्टंट गीझर आणि गॅस गीझर यांना मुभा आणखी कमी. गॅस गीझरची तांब्याची नळी अरुंद असते. ती आतून भरली की धार बारीक होते, पाण्याचा दाब पुरत नाही आणि बर्नर पेटत नाही. अशा वेळी लोक आधी बॅटरीचे सेल बदलतात. सौर बंबात काचेच्या रुंद नळ्या क्षार बऱ्यापैकी सहन करतात, तांब्याच्या बारीक नळ्यांचे सपाट पॅनेल लवकर तुंबतात.

वॉशिंग मशीनमध्ये क्षार आधी पावडर खातात, मग हीटर. कपडे ताठ आणि करडे दिसतात ते यामुळे. दोन-तीन महिन्यांतून एकदा रिकाम्या ड्रममध्ये १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड टाकून ६० अंशांवर एक फेरी चालवावी. त्यात ब्लीच कधीही मिसळू नये, क्लोरीन वायू सुटतो.

आरओचे बाहेर टाकलेले पाणी मशीनला वापरा, असा सल्ला सर्रास दिला जातो. जड पाण्याच्या भागात तो उलटा पडतो. ४०० जडपणाच्या पाण्यातून निम्मे शुद्ध काढले तर उरलेल्या निम्म्यात जडपणा ८०० च्या आसपास जातो. ते फरशीला आणि संडासाला ठीक, मशीनला आणि कूलरला नाही.

आता उपायांच्या बाजाराबद्दल. तुरटीने गढूळपणा जातो, जडपणा नाही. नळीभोवती बांधायच्या चुंबकांनी पाण्यातले कॅल्शियम कमी होत नाही. पैसे देण्याआधी विक्रेत्याला यंत्र लावण्यापूर्वीचा आणि लावल्यानंतरचा जडपणा मोजून दाखवायला सांगावे. खात्रीचा मार्ग रेझिनच्या (कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांच्या) सॉफ्टनरचा, पण त्याची निगा राखावी लागते. २५ लिटर रेझिन साधारण सव्वा किलो जडपणा धरते, म्हणजे ४०० च्या पाण्याचे सुमारे ३,१०० लिटर. त्यानंतर पावणेचार किलो मिठाने ते पुन्हा ताजे करावे लागते. बऱ्याच सोसायट्यांत प्लँट असूनही गीझर जातात, कारण मीठ आठवण झाली की टाकले जाते, लिटर मोजून नाही. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर रेझिन त्यानेही निकामी होते. मिठाचे धुवण बागेत सोडू नये, झाडे मरतात. सॉफ्टनरने टीडीएस उतरत नाही, कॅल्शियमच्या जागी सोडियम येतो. ४०० जडपणा पूर्ण काढला की लिटरला सुमारे १८४ मिलिग्रॅम सोडियम वाढतो, म्हणून स्वयंपाकघराची लाइन वेगळी ठेवावी. शून्यापर्यंत उतरवण्याचीही गरज नाही. थोडे मूळ पाणी मिसळून १०० वर ठेवले तरी भागते.

जडपणा मोजण्याचे थेंबांचे किट घरी वापरता येते. पाणी वाइनसारखे लाल होते, ते निळे होईपर्यंत थेंब मोजायचे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेतही पाणी तपासून मिळते. महापालिकेने टँकरच्या पावतीवर भरणा केंद्र किंवा बोअरचा जडपणा छापायला लावावा आणि सोसायट्यांनी तो आकडा दर महिन्याला सूचना फलकावर लावावा, विशेषतः मार्च ते जूनमध्ये, जेव्हा टँकर रोज वेगळ्या विहिरीवरून येतो.

– एक वाचक, पुणे