मुक्काम ठरवलेत, जरा ऐकून घ्या

ती. बाबा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

तुमच्या कॅनडाच्या सहलीत डोंगरातल्या जॅस्पर गावाचं बुकिंग करत नाहीये, असं फोनवर सांगितलं तेव्हा बाबा नुसतं "बरं" म्हणाले आणि फोन आईकडे दिला. बाबांचं ते "बरं" मला चांगलं ठाऊक आहे. स्कूटर विकली त्या दिवशीही तेवढंच म्हणाले होते. म्हणून लिहायला बसले. फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता, मग टीव्हीचा आवाज येतो, आणि माझं अर्धं सांगायचं राहून जातं.

आधी एकदाचं सांगून टाकते. मुक्काम ठरले आहेत. कॅल्गरीत आमच्याकडे आठवडाभर विश्रांती, मग कॅनमोरला तीन रात्री, लेक लुईसला एक, आणि परतताना बॅन्फला दोन. बुकिंग झालंय. आयत्या वेळी रस्ता बंद झाला किंवा कोणाला बरं वाटलं नाही तर रद्द करता येईल, असंच घेतलंय. त्यामुळे "पैसे अडकले" ही काळजी आईने करू नये.

बाबा, तुम्ही वहीत काढलेला नकाशा मी छापून फ्रिजवर लावला आहे. कॅल्गरी ते जॅस्पर सुमारे 415 किलोमीटर, पाच तास, हा तुमचा हिशेब उन्हाळ्यासाठी अगदी बरोबर आहे. पण तुम्ही येताय डिसेंबरअखेरीस. तेव्हा इथे सूर्य साडेआठनंतर उगवतो आणि साडेचारच्या सुमारास मावळतोसुद्धा. म्हणजे उजेडाचे जेमतेम आठ तास. त्यात तुम्हाला प्रत्येक तळ्यापाशी उतरायचं आहे, आईला दर तासा-दीड तासाने पाय मोकळे करायचे आहेत, आणि बर्फातली गाडी उन्हाळ्याच्या वेगाने चालत नाही. शेवटचे दीड-दोन तास अंधारात आले असते, तेही नेमके सगळ्यात निर्जन रस्त्यावर.

तो रस्ता, आइसफील्ड्स पार्कवे, लेक लुईसपासून जॅस्परपर्यंत साधारण 230 किलोमीटरचा आहे. सुंदर आहे यात वाद नाही. पण हिवाळ्यात त्या सबंध पट्ट्यात पेट्रोल मिळत नाही, कारण मधला एकमेव पंप बंद असतो. मोबाइलला रेंज नसते. हिमकडे कोसळण्याचा धोका वाटला तर रस्ताच बंद करतात. टायर हिवाळी लागतात, नाहीतर गाडीत साखळ्या ठेवाव्या लागतात. आमच्या गाडीला हिवाळी टायर आहेत, तुमचे जावई गाडी जपून चालवतात, तो प्रश्नच नाही. प्रश्न असा आहे की मध्येच बाबांच्या छातीत जरा जरी जड वाटलं, तर मी फोन कुठून करायचा? रात्री झोपताना हाच विचार डोक्यात यायचा. शेवटी ठरवलं की मुक्कामाची जागा निवडताना आधी तीन गोष्टी बघायच्या: उजेड असताना पोचता येतं का, फोन लागतो का, आणि दवाखाना किती लांब आहे. खिडकीतून काय दिसतं ते त्यानंतर.

कॅनमोर त्यातूनच आलं. कॅल्गरीहून शंभर-सव्वाशे किलोमीटर, आरामात न्याहारी करून निघालो तरी दुपारच्या जेवणाला पोचतो. गावात हॉस्पिटल आहे. बॅन्फ तिथून वीसेक मिनिटांवर, तिथेही आहे. आणि कॅल्गरीहून निघणारा ट्रान्स-कॅनडा हायवे पार लेक लुईसपर्यंत चौपदरी आहे, मध्ये दुभाजक आहे, आणि बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात दोन्ही बाजूंनी जाळीचं कुंपण आहे. जनावरं रस्त्यावर येऊ नयेत म्हणून त्यांच्यासाठी हायवेच्या वरून झाडं लावलेले पूल बांधले आहेत आणि खालून बोगदे. बाबा, ते पूल तुम्हाला दाखवायचे आहेत. अस्वलं, लांडगे, एल्क नावाची मोठी हरणं, सगळे वापरतात ते. तुम्ही इंजिनिअरच्या नजरेने बघाल आणि आम्हाला अर्धा तास समजावून सांगाल, हे मी आत्ताच धरून चालले आहे.

आता जॅस्परबद्दल, कारण खरं दुखणं तेच. 2024 च्या जुलैत तिथे मोठा वणवा लागला, गावाचा जवळजवळ तिसरा हिस्सा जळाला. राहण्याच्या जागाही त्यात गेल्या. आणि तुम्हाला ज्या अथाबास्का ग्लेशिअरवर त्या मोठ्या चाकांच्या बसमधून जायचं आहे, ती बस हिवाळ्यात चालतच नाही, तिथलं केंद्रही बंद असतं. एवढा धोका पत्करून आपण तिथे गेलो असतो आणि लांबून एक पांढरी उतरण बघून परत आलो असतो. लेक लुईसला तळ्याच्या काठावर उभं राहिलं की समोर व्हिक्टोरिया ग्लेशिअर असतो. तळं गोठलेलं असतं, लोक त्यावर स्केटिंग करतात. तुम्ही काठावरच्या बाकावर बसून हवा तेवढा वेळ बघा, कोणी घाई करणार नाही. आणि दुसऱ्या दिवशी आकाश स्वच्छ असलं, रस्त्याची खबर चांगली असली, तर त्याच पार्कवेवर चाळीसेक किलोमीटर, बो लेकपर्यंत जायचं आणि दुपारच्या आत परतायचं. तुमच्या नकाशातला तेवढा तुकडा मी ठेवला आहे. उरलेला उन्हाळ्यासाठी. बाबा, तो रद्द केलेला नाही, पुढे ढकलला आहे.

आई, तू उंचीवर दम लागण्याबद्दल विचारत होतीस. केदारनाथला जे झालं ते इथे होणार नाही. केदारनाथ साडेतीन हजार मीटरच्या वर आहे. बॅन्फ 1,383 मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरएवढंच. लेक लुईस गाव त्याहून थोडं वर. रात्री झोपायला कुठेच फार उंच जात नाही आपण, हेही मुद्दाम बघितलं आहे.

खोल्यांचं सांगते. कॅनमोरची मी स्वतः जाऊन पाहून आले. बाबा, लहानपणी कुठल्याही लॉजवर गेलो की तुम्ही आम्हाला सामानाजवळ उभं करायचात आणि एकटे वर जायचात. गादी दाबून बघायची, कडी लागते का बघायची, नळ सोडून पाणी गरम येईपर्यंत हात त्याखाली धरून उभं राहायचं. मग जिन्यावरून हाक यायची, "या गं!" त्या हाकेपर्यंत मी दादाचा हात सोडत नसे. मी तिथल्या बाथरूममध्ये तसाच हात धरून उभी राहिले. पाणी लगेच गरम येतं.

पार्किंग इमारतीच्या खाली आहे, म्हणजे बर्फातून चालायला नको आणि सकाळी गाडी गोठलेली नसेल. तिथून लिफ्ट थेट मजल्यावर, एकही पायरी नाही. इथल्या बऱ्याच जुन्या लॉजना लिफ्टच नसते, म्हणून दोन फार देखणी लाकडी हॉटेलं मी सोडून दिली. बाबांचा गुडघा आणि बॅगा घेऊन दुसरा मजला, नकोच. बाथरूममध्ये टब नसलेली, बसून अंघोळ करता येईल अशी आणि धरायला दांडा असलेली खोली मागून घेतली आहे. आईसाठी छोटं स्वयंपाकघर आहे. कुकर मी नेते आहे. दुपारी बाहेर काही का खाईना, रात्री मऊ भात आणि वरण होईल. इन्सुलिनसाठी फ्रिज आहे.

बाबांना पाचला जाग येणार आणि बाहेर साडेतीन तास मिट्ट काळोख असणार, त्याचाही विचार केला आहे. झोपायची खोली वेगळी, बसायची वेगळी. आईची झोप न मोडता दिवा लावून चहा घेता येईल. इथे खोलीत बहुतेक वेळा कॉफीचं यंत्र असतं, त्याला चहाची चव लागत नाही, म्हणून घरची किटली घेतली आहे. तुमचा चहा तुम्हाला हवा तसाच मिळेल.

लेक लुईसची खोली तेवढी लहान आहे. तळ्याकाठच्या मोठ्या हॉटेलात न उतरता खाली गावात उतरतोय, तळं तिथून गाडीने काही मिनिटांवर. एकाच रात्रीचा प्रश्न आहे, चालवून घ्या. तिथे हॉस्पिटल नाही, नुसता दवाखाना आहे, म्हणूनही एकच रात्र.

आता मी सांगते ते दोघांनीही ऐकायचं, आणि "बघू" म्हणायचं नाही.

आईने शेकायची विजेची पिशवी आणू नये. इथली वीज 120 व्होल्टची आहे, ती धड तापणार नाही. इथलीच घेऊन ठेवते. इन्सुलिन आणि बाबांच्या सगळ्या गोळ्या विमानात हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत मुळीच नाहीत. प्रवासातही औषधांची पिशवी रात्री गाडीत ठेवायची नाही. इन्सुलिन एकदा गोठलं की फुकट गेलं. बॅन्फला गरम पाण्याचं कुंड आहे, पाणी 37 ते 40 अंशांचं असतं. बाबा, उतरायचं की नाही हे हृदयाच्या डॉक्टरांना आधी विचारा. आई, त्यांनी नुसतं "विचारलं" म्हटलं तर विश्वास ठेवू नकोस, सोबत जा. डॉक्टर नको म्हणाले तर आपण तिघं काठावर बसू. हवा फार कोरडी असते, नाकातून रक्त यायची शक्यता असते, घाबरायचं नाही. रात्री नाकाला आतून जरा तेल लावा. आणि बाबा, गाडीतून उतरताना आधी दार धरायचं, मग पाय टाकायचा. डांबरावर दिसतही नाही असा पातळ बर्फ असतो. बुटांना खालून लावायचे काटे आणले आहेत. ते म्हाताऱ्यांसाठी असतात असं काही नाही, आम्हीही लावतो.

उगाच धाक दाखवते आहे असं वाटेल. पण तुम्ही इतक्या लांबून येणार, मला तो बर्फ तुमच्या सोबत बघायचा आहे, आणि तुम्हाला धडधाकट परत पाठवायचं आहे. दादालाही मी तोच शब्द दिला आहे.

या आठवड्यात एवढं करा. बाबांच्या ताज्या प्रिस्क्रिप्शनचा फोटो, औषधांची मूळ नावं वाचता येतील असा. आणि आईच्या पावलाचं माप. कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने काढा, मोजे घालून, संध्याकाळी, तेव्हा पाय जरा सुजलेले असतात. बूट त्याच मापाने घेते.

तुमची,
चिऊ