त्या २५६ ब्लॉक्ससाठी आभार

नमस्कार,

ताईच्या प्रबंधाचं सगळं काम त्या डिस्क इमेजमधून (डिस्कची एका फाइलमध्ये उतरवलेली नक्कल) सहीसलामत बाहेर आलं, हे तुम्हांला त्याच रात्री कळवलं होतं. पण घाईघाईत 'झालं, थँक्यू' एवढंच लिहिलं गेलं आणि ते तेव्हापासून मनाला खटकतंय. म्हणून हे पत्र, जरा ऐसपैस.

तुमच्याआधी ज्यांना विचारलं त्यांच्यावरचा राग अजून पुरता उतरलेला नाही. मूळ डिस्क मरणपंथाला लागली होती तेव्हा एका जाणकार म्हणवणाऱ्या गृहस्थांनी ती इमेज काढून दिली. कॉपी शेवटपर्यंत पोहोचली का, हे बघायची तसदी मात्र घेतली नाही. पुढे डिस्क कायमची बंद पडली, हाती उरली ती एकच फाइल, आणि ती काही केल्या माउंट होईना, म्हणजे आतल्या फाइली दिसतील अशी जोडली जाईना. माउंट करताना जो संदेश येतो तोही कसला! फाइलसिस्टीमचा (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीचा) प्रकार चुकला असेल, ऑप्शन चुकला असेल, सुपरब्लॉक (त्या मांडणीचा मूळ तपशील असलेली नोंद) खराब असेल, नाहीतर आणखी काही असेल. एका दमात सगळ्यांवर संशय घेऊन मोकळा.

त्यावरचे सल्ले तर विचारूच नका. एकाने फाइल न बघताच रिकव्हरीचं कोटेशन पाठवलं. दुसऱ्याने सांगितलं, एफएससीके (फाइलसिस्टीम तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) मारा आणि विचारेल त्या प्रत्येक प्रश्नाला हो म्हणा. तिसऱ्याच्या मते फाइलसिस्टीम रिसाइझ करून आखूड करायची की काम फत्ते. हे सगळं त्या एकुलत्या एक प्रतीवर! कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा, लॉग बघू या, असं एकालाही सुचलं नाही.

तुम्ही पहिल्यांदा तोच मागितलात. त्यात सरळ लिहिलं होतं की सुपरब्लॉकमधली ब्लॉक्सची (फाइलसिस्टीम जागा ज्यांत मोजते त्या तुकड्यांची) संख्या डिव्हाइसच्या आकारापेक्षा जास्त आहे, आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी दिले होते. तुम्ही वजाबाकी केलीत: २५६. ब्लॉक ४०९६ बाइटचा, म्हणजे १०,४८,५७६ बाइट, म्हणजेच डिस्कचे ५१२ बाइटचे २०४८ सेक्टर (डिस्क स्वतः ज्यांत मोजते ते तुकडे). आणि पार्टिशनची (डिस्कच्या ज्या भागात फाइलसिस्टीम असते त्याची) सुरुवात होती नेमकी २०४८व्या सेक्टरवर. तुमचं म्हणणं असं, की इमेज काढणाऱ्याने पार्टिशनची लांबी बघितली आणि तेवढेच सेक्टर डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरपासून मोजून उचलले. पार्टिशनच्या आधी जेवढी जागा मोकळी सुटलेली होती, तेवढंच त्याचं शेपूट कापलं गेलं. बिघाड कुठेच नव्हता, फक्त टोक तुटलं होतं. डिस्क डोळ्यांनी न बघता नुसत्या वजाबाकीतून एवढं सांगता येतं, हे वाचून मी खुर्चीतून उठून उभं राहून तो मेसेज पुन्हा वाचला.

पण खरे आभार मानायचे आहेत ते याच्या पुढच्या गोष्टीचे. उपाय तुम्हांला तिथल्या तिथे ठाऊक होता, हे उघड आहे: फाइलची प्रत काढायची, प्रतीच्या शेवटी तेवढेच शून्य बाइट जोडायचे आणि फक्त वाचण्यापुरती माउंट करायची. एका ओळीत लिहून मोकळं होता आलं असतं. तुम्ही लिहिलंत, 'थांबा, आधी माझ्याकडे मोडून बघतो.' मग स्वतःच्या मशीनवर छोटीशी इमेज बनवलीत, तिचं शेपूट तस्सं कापलंत, तोच एरर आणलात, ती दुरुस्त केलीत आणि त्याचं पूर्ण आउटपुट मला पाठवलंत. नुसतं रीड-ओन्ली म्हटलं तरी ईएक्सटी४ (त्या इमेजमधली फाइलसिस्टीम) माउंट होताना जर्नल, म्हणजे अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंदवही, चालवून फाइलमध्ये लिहू शकतं, म्हणून ते टाळणारा नोलोड हा ऑप्शनही लावा, हे त्यातच आलं. आणि न विचारता हेही सांगितलंत, की त्या शेवटच्या तुकड्यात एखादी फाइल पडली असेल तर ती परत येणार नाही, तिथे शून्यच दिसतील. खोटा धीर दिला नाहीत, याचं ताईला फार अप्रूप वाटलं. तिच्या सुदैवाने तिच्या फाइलींपैकी एकही तिथे नव्हती.

ज्याचा चेहराही कधी पाहिला नाही त्याच्या फाइलला हात लावण्याआधी आपली एक मोडून बघायची! यात ना पैसा, ना नाव, वर स्वतःची संध्याकाळ खर्ची पडते. हुशार माणसं पुष्कळ भेटतात हो, आणि त्या कोटेशनवाल्यालाही कदाचित तुमच्याइतकंच येत असेल. दुसऱ्याची वस्तू हातात आली की हात जरा जपून चालवणारी माणसं मात्र शोधावी लागतात. अशी माणसं उत्तर द्यायला वेळ लावतात, उलट प्रश्न विचारतात, आणि घाईत असलेल्याला त्यांचा वैतागही येतो. मलाही त्या 'थांबा'चा क्षणभर आला होता, ते तुमच्यापासून कशाला लपवू?

आता एक काम आहे. ताईला ऋणनिर्देशात तुमचं नाव घालायचंय आणि आम्हांला तुमचं फक्त टोपणनाव माहीत आहे. प्रबंध छपाईला जाण्याआधी पूर्ण नाव कळवाल का? नको असेल तर तसं सांगा, ती टोपणनावच छापेल म्हणते.