वाचननोंदवहीच्या छापून वापरायच्या संचातील समासाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: वाचननोंदवहीच्या ए५ संचात सम पानांवर समास चुकीच्या बाजूला असणे आणि त्याबाबत तीन वेळा मिळालेली उत्तरे

महोदय,

आपल्या ग्राहक सेवेशी माझे तिसरे संभाषण आज दुपारी संपले, म्हणजे खरे तर ते आपल्या प्रतिनिधीने संपवले, आणि त्यानंतर लगेच मी हे पत्र लिहायला घेतले आहे. वाचलेल्या पुस्तकांच्या नोंदी ठेवण्यासाठी घरी छापून वापरायचा हा संच आपणच तयार केलेला असल्यामुळे त्यात कोणती पाने आहेत हे आपणास सांगण्याची आवश्यकता नसावी, म्हणून थेट मुद्द्यावर येते. संगणकावरून छापायच्या ए५ (ए४ च्या निम्म्या आकाराच्या) फाइलमधील अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस पानांवर बांधणीचा समास, म्हणजे कडेची कोरी जागा, डावीकडे सोडलेला आहे. विषम पानांवर तो तेथेच हवा. सम पानांवर मात्र तो उजवीकडे हवा, कारण पाठपोट छापलेला कागद उलटला की त्याची बांधणीची कड उजव्या हाताला येते. हे समजण्यासाठी छपाईचे शिक्षण लागत नाही. घरातले कोणतेही पुस्तक मधोमध उघडून पाहिले तरी पुरते.

मी पट्टीने मोजले आहे. आपल्या प्रत्येक पानावर डावीकडे २० आणि उजवीकडे ८ मिलीमीटर समास आहे, मध्ये १२० मिलीमीटर मजकूर. म्हणजे ए५ ची १४८ मिलीमीटर रुंदी पूर्ण झाली. दोन भोकांच्या पंचचे माप आयएसओ ८३८ या आंतरराष्ट्रीय मानकात ठरलेले आहे: भोकाचा व्यास ६ मिलीमीटर, त्याचा मध्य कडेपासून १२ मिलीमीटर आत आणि दोन भोकांमध्ये ८० मिलीमीटर अंतर. याचा अर्थ भोक कडेपासून ९ ते १५ मिलीमीटर एवढी जागा खाते. २० च्या समासात ते आरामात बसते. ८ च्या समासात ते पूर्णपणे मजकुरावर पडते. आपल्या सूचनापत्रातील तिसरी सूचना मी शब्दशः देते: ‘पाने पाठपोट छापा, दोन भोके पाडा आणि फाइलमध्ये लावा.’ मी तसेच केले. ही सूचना ज्यांनी लिहिली त्यांनी स्वतः एकदा तरी तसे केले होते काय, एवढाच माझा पहिला प्रश्न आहे.

झाले ते असे. मी महिनाभर सुटी पाने भरते आणि महिना संपला की पंच करून फाइलला लावते. आधी पंच करून मग लिहायला हवे होते, हा उतावळेपणा माझा आणि तो मला मान्य आहे. पण त्या महिन्यात अकरा पुस्तकांच्या नोंदी झाल्या होत्या, पान १२ वरचे उतारे मी सुवाच्य अक्षरात उतरवून काढले होते, आणि शाई मागे फुटू नये म्हणून १०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला १०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद आणून सगळा संच त्यावर छापला होता. पंचचा दांडा दाबला, कागदाच्या दोन टिकल्या खाली पडल्या, आणि पान उलटून पाहते तो वरून ६५ आणि १४५ मिलीमीटरवर, म्हणजे बरोबर दोन ओळींच्या शेवटी, आरपार उजेड.

ओळींचा शेवट हे मुद्दाम सांगते, कारण संच मराठी वाचकांसाठी म्हणून आपण विकता. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नकार त्याच्याही नंतर. माझ्या एका नोंदीत ‘उत्तरार्ध मला मुळीच पटला नाही’ असे वाक्य होते आणि ते नेमके वरच्या भोकाच्या ओळीवर संपत होते. आता तेथे ‘उत्तरार्ध मला मुळीच पटला’ एवढेच उरले असून पुढे एक गोल भोक आणि त्यालगत वेलांटीचा मिलीमीटरभर तुकडा आहे. दोन वर्षांनी मी ही वही उघडीन तेव्हा त्या पुस्तकाविषयी माझे मत काय होते, हे मला त्या तुकड्यावरून ओळखावे लागेल. खालच्या भोकाने दुसऱ्या एका लेखकावर असाच उपकार केलेला आहे.

आता ग्राहक सेवेविषयी. पहिल्या फोनवर मला प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करण्यास सांगण्यात आले. तसे केल्यावर समास दुसऱ्या बाजूला जाईल अशी अपेक्षा नेमकी कोणत्या तर्काने बाळगायची, हे सांगण्यात आले नाही. दुसऱ्या फोनवर छापताना ‘फिट टू पेज’, म्हणजे मजकूर कागदात मावेल एवढा करण्याचा पर्याय, निवडण्याचा सल्ला मिळाला. त्याने सगळे पान आणखी आक्रसले आणि चुकीचा समास चुकीच्याच बाजूला, फक्त थोडा लहान होऊन, राहिला. दोन्ही वेळा माझी तक्रार ‘समाधान झाले’ असा शेरा मारून बंद करण्यात आली. कोणाचे समाधान झाले, ते शेऱ्यात नमूद नाही.

आजचे तिसरे संभाषण मात्र मी सविस्तर देणार आहे, कारण ते ध्वनिमुद्रित होत असल्याचे मला सुरुवातीलाच बजावण्यात आले होते आणि ते आपण अवश्य ऐकावे. प्रतिनिधींनी माझे बोलणे पुरते ऐकून न घेता विचारले, “मॅडम, तुम्ही पाठपोट छापताना कागद लांब कडेवर उलटताय की आखूड कडेवर?” मी सांगितले, लांब कडेवर, उभ्या पानासाठी तेच योग्य आहे आणि आपल्या सूचनापत्रातही तेच लिहिले आहे. ते म्हणाले, “मग आखूड कडेवर करा, समास बरोबर येईल.” मला क्षणभर या माणसाविषयी आदर वाटला, कारण समास खरोखरच बरोबर बाजूला येतो. येतो, पण सगळे पान डोके खाली पाय वर होऊन येते. हा प्रयोग मी दोन दिवसांपूर्वी स्वतःच करून पाहिला होता, आणि तसे मी त्यांना सांगितले.

पलीकडे थोडी शांतता. मग ते म्हणाले, “बरोबर आहे मॅडम, पण समास तर मिळाला ना?” मी म्हटले, मिळाला, पण मजकूर उलटा आहे. ते म्हणाले, “मग ते पान आलं की वही फिरवून लिहा.” मी विचारले, म्हणजे प्रत्येक पान उलटल्यावर सबंध वही अर्ध्या वर्तुळात फिरवायची, लिहायचे, आणि पुढच्या पानासाठी परत फिरवायची? त्यावर, महोदय, त्यांनी अत्यंत शांतपणे उत्तर दिले, “वाचनाचा छंद असणाऱ्यांकडे तेवढा वेळ असतोच ना मॅडम.”

मी या वाक्यावर काही बोलणार, तोच त्यांनी पुढची दोन वाक्ये उरकली: आजपर्यंत अशी तक्रार कोणीही केलेली नाही, आणि पाहिजे असल्यास मी पाने एकाच बाजूने छापावीत. मी म्हटले, चोवीस कागदांची वही अठ्ठेचाळीस कागदांची होईल, निम्मी पाने कोरी राहतील, आणि ‘पाठपोट छापा’ हे आपलेच म्हणणे आहे. त्यांनी विचारले, “मॅडम, आणखी काही मदत हवी आहे का?” आणि उत्तराची वाट न पाहता मला पाच ताऱ्यांचे मूल्यमापन करण्याचे आवाहन ऐकू येऊ लागले. त्या आवाहनाचा मान मी योग्य वेळी राखीन.

कोणीही तक्रार केलेली नाही, या विधानावर मी थोडा विचार केला. आपल्या विक्रीच्या पानावरील छायाचित्रे मी पुन्हा मोठी करून पाहिली. सहा छायाचित्रांत वही उघडी आहे आणि सहाही छायाचित्रांत डावे पान कोरे आहे. म्हणजे ज्याने छायाचित्रे काढली त्याला अडचण ठाऊक होती. ती ज्याला ठाऊक नाही असा आपल्या संस्थेतला एकमेव माणूस फोनवर बसवलेला दिसतो.

एरवी मी लिहिल्या नसत्या अशा आणखी काही गोष्टी, आता पत्र हाती घेतलेच आहे तर, नोंदवून ठेवते. आपली ए५ फाइल ही ए५ साठी मांडलेलीच नाही. अमेरिकेत चालणारे लेटर आकाराचे पान लहान करून ए५ वर ठेवले आहे. लेटर २१५.९ बाय २७९.४ मिलीमीटर असते आणि त्याच्या उंचीचे रुंदीशी प्रमाण ए४, ए५ या ए मालिकेपेक्षा वेगळे पडते. ए५ च्या रुंदीला ते बसवले की उंची सुमारे १९१ मिलीमीटर भरते आणि वर-खाली मिळून १८ मिलीमीटरहून अधिक जागा विनाकारण रिकामी राहते. ती रिकामी जागा मी सोसली असती. पण त्याच हिशेबाने लेटर पानावरील ७ मिलीमीटरच्या ओळी ए५ वर ४.८ मिलीमीटरच्या होतात, आणि तेवढ्या जागेत वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफारावर बसतो. ‘पूर्वार्धातील’ हा शब्द त्या ओळींवर लिहून पाहावा. मग त्याच्या वरच्या ओळीत, बरोबर त्याच्या डोक्यावर, ‘गूढ’ लिहून पाहावा. ओळी आखणाऱ्याने या लिपीत कधी पत्र लिहिले असेल असे वाटत नाही.

आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकासाठी, दहा चौकटी दिल्या आहेत. १ जानेवारी २००७ पासून हा क्रमांक तेरा अंकी आहे. उरलेले तीन अंक मी कोठे लिहावेत? समासात लिहिता आले असते, पण समासाचे काय झाले आहे ते वर आलेच आहे. अनुवादकासाठी जागा नाही, आवृत्तीसाठी जागा नाही. कोणत्या पेयासोबत पुस्तक वाचले यासाठी मात्र पाच चित्रे आहेत. संगणकावर भरायच्या फाइलमध्ये मराठी टंकले तर ओळीने रिकामे चौकोन उमटतात, कारण त्या रकान्यांसाठी निवडलेल्या टंकात (फॉन्टमध्ये) देवनागरी अक्षरेच नाहीत. संगणकावरील अक्षरांच्या युनिकोड या जागतिक मानकात देवनागरी १९९१ पासून आहे. शीर्षके मराठीत आणि उत्तरे चौकोनांत, अशी ही द्विभाषिक वही आहे.

तरीही हे सगळे मी चालवून घेतले असते, हे प्रामाणिकपणे सांगते. पेयांच्या चित्रांवर कागद चिकटवून मी तेथे अनुवादकाचे नाव लिहू लागलेही होते. पुस्तकांच्या कपाटाचे ते रंगवायचे पान, ज्यात प्रत्येक पुस्तक संपले की एका पुस्तकाचा कणा (कपाटात दिसणारी बांधणीची कड) रंगवायचा, मला मनापासून आवडते, आणि अर्धवट सोडलेल्या पुस्तकांसाठी वेगळे पान ठेवण्याची कल्पना तर मी दुसऱ्या कोणाच्या संचात पाहिलेली नाही. एखादे पुस्तक कोणत्या पानावर आणि का सोडले, हे लिहायला तेथे दिलेली ती एकच लांब ओळ फार समजुतीने आखलेली आहे. आपल्या वार्षिक नियोजनाचा संच मी सलग तीन वर्षे वापरला, दोघा-तिघांना सुचवला, आणि त्यात समास योग्य ठिकाणी होता. म्हणूनच विषाद वाटतो. ज्यांना एके काळी येत होते, त्यांचीच ही चूक आहे.

दुरुस्ती किती अवघड आहे तेही लिहिते, म्हणजे चौथा फोन टळेल. सम पानांवरील १२० मिलीमीटरचा मजकूर १२ मिलीमीटर डावीकडे सरकवायचा आहे. तसे केले की डावीकडे ८ आणि उजवीकडे २० उरतात. पानांची मांडणी करणाऱ्या कोणत्याही चांगल्या प्रणालीत समोरासमोरच्या पानांसाठी समास उलटसुलट करण्याची सोय असते. एक खूण करायची असते. त्या एका खुणेऐवजी मला प्रिंटर बंद करण्यास, पान आक्रसण्यास, कागद दुप्पट वापरण्यास आणि शेवटी वही हातात फिरवत बसण्यास सांगण्यात आले आहे.

माझ्या मागण्या अशा: सम पानांचा समास उजवीकडे असलेली आणि ए५ साठीच मांडलेली फाइल मला पंधरा दिवसांत मिळावी; ते जमत नसेल तर संचाचे सर्व पैसे परत मिळावेत; आणि विक्रीच्या पानावरील ‘पाठपोट छपाईसाठी उपयुक्त’ हे शब्द तोपर्यंत काढून टाकावेत. ‘समाधान झाले’ हा शेरा माझ्या नावावर तिसऱ्यांदा मारला गेल्यास मी बँकेकडे व्यवहाराबाबत हरकत नोंदवीन आणि आपण आग्रहाने मागितलेले मूल्यमापन भोके पडलेल्या पानाच्या दोन्ही बाजूंच्या छायाचित्रांसह देईन. डावे पान मी कोरे ठेवणार नाही.

समास सम पानांवर उजवीकडे हवा. हे मी पहिल्या फोनवर सांगितले होते, दुसऱ्या फोनवर सांगितले होते आणि आज पुन्हा सांगितले.

पंधरा दिवस आजपासून मोजावेत.

आपली,
एक ग्राहक

सोबत: पान ११-१२, पंच केलेले. मजकुराची बाजू वर ठेवून पाहावे. फिरवण्याची गरज नाही.