बोटीवरच्या शौचालयासंबंधी मित्रास पत्र

इंदूर

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतची बोटीची मापे मिळाली. बावीस फुटांची फायबरची बोट, पुढच्या बाजूला वाकून शिरावे लागेल एवढी बुटकी केबिन, आणि तीत काकू, वहिनी व दोन्ही मुले यांच्यासाठी शौचालयाची सोय कशी करावी, असा तुझा प्रश्न आहे. सॅनिटरीच्या धंद्यात आयुष्य गेल्यामुळे मला हा प्रश्न मुळीच क्षुल्लक वाटत नाही. सोय नसली की घरातल्या बायका सकाळपासून पाणी पिण्याचे टाळतात, आणि निमाडच्या उन्हात ते प्रकृतीवर बेतते. तेव्हा सहल चार तासांची असो वा दिवसभराची, काकूंना निःसंकोचपणे जाता येईल अशी जागा बोटीवर असलीच पाहिजे.

मात्र कोणते शौचालय घ्यायचे हे ठरवण्याआधी ते रिकामे कुठे करायचे हे ठरव, कारण बाकीचे बहुतेक निर्णय त्यावरूनच होतील. तुझी बोट जिथे फिरणार त्या नर्मदेवरच्या इंदिरा सागर जलाशयाच्या पाण्यात काहीही सोडायचे नाही, याबद्दल आपल्या दोघांत दुमत नसावे. या जलाशयाच्या पुनासा इथल्या धरणातून निघालेले पाणी ओंकारेश्वरच्या धरणातून पुढे मंडलेश्वरकडे जाते, आणि तिथे जवळच जलूदला ते उपसून सुमारे 70 किलोमीटर दूर इंदूरला आणले जाते. 1978 साली नर्मदा इंदुरात आली, आणि आजही माझ्या घरच्या नळाला तीच येते. एका बोटीने एवढ्या अफाट जलाशयाचे काय बिघडणार, असे तुला कुणीतरी सांगेलच. पण बोट थांबते ती नेहमी काठाजवळच्या उथळ, संथ पाण्यात, जिथे गावातली माणसे अंघोळीला येतात आणि गुरे पाण्यावर येतात. किनाऱ्यापासून बऱ्याच अंतरावर गेल्यावर जहाजांना मैला सोडण्याची जी मुभा असते, ती मोकळ्या समुद्रापुरती आहे. आपल्याकडच्या 2021 च्या अंतर्देशीय जलयान अधिनियमातही जलयानांमुळे होणाऱ्या प्रदूषणाचा स्वतंत्र विचार केलेला आहे, पण तो कायदा नसता तरी माझे मत हेच राहिले असते.

विक्रेत्याने तुला सुचवलेले हातपंपाचे शौचालय या एकाच कसोटीवर बाद होते. त्याला बाहेरचे पाणी आत घेण्यासाठी एक आणि मैला बाहेर टाकण्यासाठी एक, अशी पाण्याच्या पातळीखाली दोन भोके बोटीला पाडावी लागतात. त्या नळ्यांना पातळीच्या वर उंच वळसा देऊन माथ्यावर हवेची झडप बसवली नाही आणि कुणी व्हॉल्व्ह उघडा विसरला, तर सायफन होऊन पाणी आपोआप भांड्यात चढते आणि बांधून ठेवलेली बोट रात्रीत बुडू शकते. बाहेरची वाट बंद करून मैल्याची टाकी बसवायची म्हटले, तर ती उपसून घेणारा पंप काठावर हवा, आणि तुझ्या धक्क्यावर तो नाही. शिवाय अशा नळ्यांतून काही वर्षांनी वास झिरपू लागतो. गरम पाण्यात भिजवून पिळलेले फडके नळीवर फिरवून हुंगले की नळी खराब झाली आहे की नाही ते कळते. मोठ्या बोटीवर हा व्याप परवडतो, तुझ्या बोटीवर नाही.

रेल्वेच्या डब्यांसारखे जैविक शौचालय का नको, असे तू विचारले आहेस. त्या टाकीतले जिवाणू मैला कुजवतात हे खरे, पण उरलेले सांडपाणी शेवटी खाली सोडलेच जाते, आणि तुझ्या बोटीखाली जलाशय आहे. मूत्र व मैला वेगळे ठेवून मैला काथ्याच्या भुशात कोरडा करणारे शौचालय मात्र मला मनापासून आवडते. त्याला पाणी लागत नाही, छोट्या पंख्याने हवा खेळती राहिली तर वास जवळपास येत नाही, आणि बाहेर नेण्याचे ओझेही हलके असते. अडचण आपल्या सवयीची आहे. धुण्याचे पाणी त्या भुशात गेले की सगळा प्रकार बिघडतो. आपल्याकडच्या इकोसॅन नावाच्या, याच तत्त्वावरच्या पद्धतीत धुण्याच्या पाण्यासाठी तिसरे छिद्र ठेवलेले असते, पण ती भांडी जमिनीवर बांधायची असतात. काकूंना या वयात नवी शिस्त लावणे मला योग्य वाटत नाही.

म्हणून माझे मत सुटसुटीत, उचलता येणाऱ्या दुमजली शौचालयाला आहे, ज्याला सगळे पोर्टा पॉटी म्हणतात. वरच्या भागात बैठक आणि स्वच्छ पाण्याची टाकी, खालच्या भागात मैल्याची टाकी, आणि दोहोंमध्ये सरकती झडप असते. बोटीला एकही भोक पाडावे लागत नाही. पण त्याच्या माहितीपत्रकावर विसंबू नकोस. वीस-एकवीस लिटरची टाकी पन्नासेक वेळा पुरते, असे त्यात लिहिलेले असते, आणि तो हिशेब कागद वापरणाऱ्यांचा आहे. आपण धुण्यासाठी लिटरभर पाणी घेतो, वर फ्लशचे अर्धा लिटर धर, म्हणजे तीच टाकी दहा-बारा वेळांत भरते. पाच माणसे दिवसातून दोन-तीनदा गेली की संध्याकाळपर्यंत ती काठोकाठ होईल. त्यासाठी बोटीवर धुण्याच्या पाण्याचा मग न ठेवता दाबून धार सोडता येईल अशी अर्ध्या लिटरची बाटली ठेव, आणि खालची एक जादा टाकी घेऊन ठेव.

लहान टाकीची मॉडेले उचलायला हलकी असतात, पण त्यांची बैठक जेमतेम तीस सेंटिमीटर उंच असते, आणि काकूंच्या गुडघ्यांना ती मुळीच मानवणार नाही. वीस लिटरच्या मॉडेलची बैठक घरच्या कमोडच्या उंचीच्या जवळ जाते. ते भरले की पंचवीस किलोच्या आसपास वजन होते, म्हणून पाऊण भरताच टाकी बदलावी आणि फळीवरून नेताना दोघांनी धरावी. बोट डोलते तेव्हा शौचालय सरकू नये म्हणून ते तळाला पट्ट्यांनी आवळून बसव, आणि उजव्या हाताला धरायला एक भक्कम दांडी लाव. पडद्यापेक्षा सरकते दार बरे. वर हवेसाठी झरोका हवाच.

दोन गोष्टी वहिनींना आणि मुलांना आवर्जून सांग. मे महिन्यात बंद टाकीतली हवा तापून फुगते, म्हणून झडप हळूच उघडायची, आणि तीही झाकण पाडलेले असताना, नाहीतर शिंतोडे अंगावर येतात. टाकी रिकामी करताना तोटी खाली वळवून हवेचे बटण दाबून धरायचे, म्हणजे भसाभसा न सांडता एकसारखी धार पडते. झडपेच्या रबराला व्हॅसलिन लावू नका, सिलिकॉनचे वंगण लावा. टाकीत घालायचे औषध फॉर्मल्डिहाइड नसलेले घ्या. टाकी तू खंडव्याच्या घरच्या शौचालयातच रिकामी करणार आहेस, आणि ते रसायन सेप्टिक टँकमधले उपयोगी जिवाणू मारते.

आता मला एकच माप हवे आहे. केबिनच्या तळापासून छतापर्यंतची उंची, जिथे शौचालय बसेल नेमक्या त्या जागी मोजून कळव. बैठकीच्या वर माणसाला नव्वद सेंटिमीटर तरी मोकळी हवीत, म्हणजे बैठकीची उंची धरून एकूण एकशे तीस. ती तेवढी भरली नाही, तर छताला उचलता येणारे झाकण बसवावे लागेल, आणि ते काम बोट पाण्यात उतरवण्याआधी झालेले बरे.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत