परमिट परत कुणी केलं?

मा. संपादक,
स.न.

पावसाळा सुरू झाला की आपल्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी दिसू लागते : खांबावर काम करताना शॉक लागून कंत्राटी कामगाराचा मृत्यू. तिच्यात बहुतेक वेळा 'अचानक वीजप्रवाह सुरू झाला' हे वाक्य असतं. मी 29 वर्षं एका मोठ्या वीज कंपनीच्या उपकेंद्रात यंत्रचालक होतो. वीज अचानक सुरू होत नाही हो. एक तर कुणाचा तरी जनरेटर उलटा पुरवठा करत असतो, नाहीतर माझ्यासारखा कुणीतरी ब्रेकर, म्हणजे उपकेंद्रातला मोठा स्विच, चालू करतो.

2017 सालच्या जुलैतली रात्र. 11 केव्हीच्या एकाच फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या एकाच वाहिनीवर, दोन ठिकाणी काम चालू होतं. नाल्याजवळ जंपर तुटला होता, पार शेवटच्या टोकाला पिन इन्सुलेटर फुटला होता. दोन गँग, म्हणून दोन परमिटं. परमिट म्हणजे लाइन बंद करून तिच्यावर काम करायची लेखी परवानगी; ते परत आल्याशिवाय वीज सोडायची नाही. माझी सवय अशी की जितकी परमिटं तितक्या 'माणसे काम करीत आहेत'च्या पाट्या ब्रेकरला अडकवायच्या. साडेनऊला नाल्यावरच्या गँगनं परमिट परत केलं. सुरक्षेसाठी तारा जमिनीला जोडलेलं अर्थिंग काढलं, माणसं खाली आहेत, हे वदवून घेतलं आणि एक पाटी काढली. दुसरी तशीच ठेवली. त्या टोकाला मोबाइलला रेंज नाही.

मग फोन सुरू झाले. ग्रुपवर तर 'फीडर अजून बंद का?' असे तीन-तीन प्रश्नचिन्हांचे मेसेज. शेवटी साहेबांचा फोन. "अरे, ते कधीच उतरले असतील. तू चालू कर, रजिस्टर मागाहून भरू." मी म्हटलं, साहेब, तेवढं लेखी द्या. फोन कट झाला.

चाळीस मिनिटांनी दोन पोरं मोटारसायकलवरून आली. ठेकेदाराची होती, हजेरीपटावर त्यांचं नाव नव्हतं. पोलवर मात्र तीच चढत. रेंज नाही म्हणून परमिट परत करायला गँगप्रमुखानं चिठ्ठी देऊन त्यांना धाडलं होतं. एकाच्या हातातून अजून पाणी निथळत होतं. "काका, आत्ता उतरलो. चहा आहे का?" फोनचं मी त्यांना काही सांगितलं नाही. चहा ठेवला, पाटी काढली, फीडर चार्ज केला.

पुढच्या आठवड्यात मला कारणे दाखवा नोटीस आली : पुरवठा सुरू करण्यास अनावश्यक विलंब. ती मी रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत अजून जपून ठेवली आहे. पगारवाढीवर परिणाम झाला नाही, त्यामुळे माझं तसं नुकसान काही नाही. पण त्या नोटिशीची झेरॉक्स शिफ्टमधल्या तिन्ही तरुण यंत्रचालकांनी वाचली. त्यानंतर 'रजिस्टर मागाहून भरू' असा फोन आला, की "साहेब, लेखी द्या" असं म्हणणारा आमच्याकडे कुणी उरला नाही. माझं नाव मात्र 'परमिटकाका' पडलं, आणि ते कौतुकानं नव्हतं.

नियम नाहीत असं नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेचे नियम 2010 साली आले, 2023 साली नव्यानं आले. 4 मार्चला लाइनमन दिनही साजरा होतो. आमच्याकडे त्या दिवशी सकाळी गुलाबाचं फूल आणि सुरक्षेची शपथ. दुपारी त्याच पोरांना वसुलीला पिटाळायचं, कारण मार्च. आणि कुणी थोडक्यात वाचला तर ती हकिगत टपरीवरच सांगायची, कागदावर तिच्यासाठी रकानाच नव्हता.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती आहे. पुढच्या वेळी अशी बातमी करताना 'निष्काळजीपणामुळे' लिहून मोकळं होऊ नका. उपकेंद्रात जाऊन रजिस्टर मागा. त्या फीडरवर किती परमिटं दिली होती, कुणाच्या नावावर, ती कुणी आणि किती वाजता परत केली, एवढं विचारा. रजिस्टरमधली शाई सगळीकडे एकाच पेनाची, एकाच दमात लिहिलेली दिसली, तर तेही छापा.

माझं नाव, गाव व कंपनीचं नाव कृपया छापू नये. धाकटा मुलगा तिथंच लागला आहे.

आपला,
एक निवृत्त यंत्रचालक