दिवाळीला मी येत नाहीये

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला घेतलं की आई मध्येच "जेवलीस का?" विचारते आणि विषय तिथंच राहतो, म्हणून लिहिते. दिवाळीला मी येत नाहीये. आणि मुंबईच्या नोकरीचा राजीनामा दिलाय, तो मंजूरही झालाय. एक सांगून दुसरं मागं ठेवलं असतं, तर बाबांनी पुढच्या फोनला आवाजावरून ओळखलंच असतं.

कुणाशी भांडण झालेलं नाही. पैशांचीही सोय आहे. गोव्यातलं हे सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या मूर्तीच्या दुरुस्तीचं काम संपलं की याच इगर्जीतल्या (चर्चमधल्या) मोठ्या सोनेरी आल्तारचं, म्हणजे वेदीचं, काम मलाच द्यायचं पाद्रींनी ठरवलंय. कायम नोकरी ती कायम नोकरी, हे मला कळतं. पण मुंबईत मी काचेआडच्या वस्तू जपत होते. इथली सायबीण रोजच्या वापरातली देवी आहे. तिला दुरुस्तीला आत आणून ठेवलंय, तरी बायका दाराशी अबोलीचे वळेसर ठेवून जातात. बाबा, २०१५ साली अंबाबाईच्या मूर्तीचं संवर्धन चाललं होतं तेव्हा तुम्ही घरात कसे येरझाऱ्या घालायचा, आठवतंय ना? इथं अख्खा गाव तसा येरझाऱ्या घालतोय. अशात मूर्ती अर्धी उघडी टाकून मी फराळाला कशी येऊ? ८ डिसेंबरला फेस्त, म्हणजे तिचा सण आहे. त्या दिवशी ती खांद्यावरून निघणार.

काम काय ते बाबांना लगेच कळेल, आई, तुला ते समजावतील. सागवानी मूर्ती. त्यावर सरस आणि खडूचा लेप, त्यावर लाल चिकणमातीचा पातळ हात, मग वर्ख, आणि वर्खाला अकीक दगडाच्या ओपणीनं घासून चकाकी. वर्खावर पुन्हा लाल रंग चढवून तो काडीनं खरवडलाय, म्हणजे खालचं सोनं फुलांच्या नक्षीत वर येतं. हे सगळं निळ्या ऑइलपेंटखाली गाडलेलं होतं. दर काही वर्षांनी फेस्ताआधी कुणीतरी भक्तीनं एक हात मारायचं. वर्ख उडाला तिथं डब्यातला सोनेरी रंग. तो पितळेच्या भुकटीचा, इथल्या दमट हवेत काळा-हिरवा पडलाय. पायथ्याला भुंगा लागला होता, तिथं सुईनं औषध आणि मग राळेसारखं द्रावण भरलं. रंगाचा पदर सुटत होता तिथं आधी पातळ जपानी कागद चिकटवून रंग धरून ठेवला. आता एकेक बोट निळा काढतेय.

निळा काढण्यावरून मात्र गावात दोन तट पडले. म्हाताऱ्यांचं म्हणणं, आमची सायबीण निळीच. मला त्यांचं चूक वाटत नाही, त्यांच्या लग्नांत तीच निळी होती. रविवारी मिस्सा झाल्यावर पाद्रींनी सगळ्यांना आत बोलावलं आणि मी लाल-सोनेरी फुलांचा वीतभर तुकडा दाखवला. एक आजोबा बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "काड तर." वस्त्राचा निळा काढायचा ठरलं. चेहऱ्याला हात लावायचा नाही, हे मी स्वतःच सांगितलं. तिथं टाचणीएवढी जागा उघडून बघितली तर खाली नुसतं लाकूड. वरचा रंग काढला असता तर गावाला बिनचेहऱ्याची देवी परत द्यावी लागली असती.

बाबा, एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. जिथं रंग पूर्ण गेलाय तिथं मी बारीक उभ्या रेघा ओढून जागा भरते. लांबून एकजीव दिसतं, जवळून रेघ कळते. रोमच्या संवर्धनतज्ज्ञ चेझारे ब्रांदींनी घालून दिलेली रीत आहे, नवं कुठलं आणि जुनं कुठलं ते लपवायचं नाही. तुम्ही म्हणाल, गुजरीत सोनारकामात असा डाग दिला असता तर गिऱ्हाईकानं दागिना तोंडावर फेकला असता. खरंय. पण काठाच्या वर्खाला ओपणी तुमचीच चाललीय. लाकडी मूठ सैल झालीय, तरी बदलत नाही. हातात घेतली की तुमच्या मांडीवर बसून नथीचे मोती मोजत होते ते आठवतं, आणि मी एक मोती गिळला म्हणून आईनं केलेला आकांत.

आई, मास्क लावते, खिडक्या उघड्या असतात. घरमालकीण आंटी उकड्या तांदळाची पेज देतात, सोमवारी माझ्यासाठी आठवणीनं भाजी वेगळ्या भांड्यात करतात. काकूंनी विचारलं तर खुशाल सांग, पोरगी चर्चमध्ये काम करते. अंबाबाई रागावणार नाही.

आता ऐका. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन माझ्यासाठी थांबवायचं नाही. दादा सुट्टी काढतोय, त्याला अडवू नका, तो माझ्यापेक्षा नीट करेल. ड्रॉप्सच्या वेळा फ्रिजवर लावा. साखर दर सोमवारी तपासायची आणि खरा आकडा सांगायचा. आई, माळ्यावरची भांडी काढायला स्टुलावर चढायचं नाही. फराळ शेजारून विकत घे, चकलीच्या सोऱ्याशी मनगट दुखवू नकोस. ९ नोव्हेंबरला अंबाबाईच्या किरणोत्सवाला बाबा जाणारच, तर गर्दीत पुढं घुसू नका. मला खांद्यावर घ्यायला आता कुणी सांगत नाहीये.

आणि फेस्ताला दोघं या. डोळ्याच्या डॉक्टरांनी हो म्हटलं तरच. आंबोलीमार्गे एसटी आहे, पुढची सीट मागा, बाबांना घाटात लागतं. आल्याचा तुकडा खिशात ठेवा. भडंग आणा, दोन किलो, आंटींना द्यायचंय. तिकीट काढलं की कळवा, मी स्टँडवर येते.

तुमची,
छकुली